मदतीचा हिशेब ठेवणारा अर्थमंत्री

बारामती-इंदापूरच्या जिराईत पट्ट्यात, कळससारख्या गावी, १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी निघाल्या की तीन गोष्टींचा उल्लेख हटकून होतो : खडी फोडण्याची कामे, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रेशनच्या दुकानातला तांबडा मिलो. मिलो सातासमुद्रांपलीकडून आला होता. सुकडीमागे परदेशी सेवासंस्थांचे साहाय्य होते. त्याआधीची काही वर्षे बारामतीच्या परिसरात जे पाझर तलाव बांधले गेले, त्यांतील कित्येकांवर राबणाऱ्या मजुरांना मजुरीपोटी मिळालेले धान्य व तेलही परदेशी धर्मादाय संस्थांकडून आलेले होते. ज्याने घमेले उचलले त्याला हे धान्य कोणी पाठविले, कोणत्या अटीवर पाठविले आणि ते आपल्याच गावाच्या वाट्याला का आले, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु दाता आणि भुकेला माणूस यांच्यामध्ये सरकार नावाची जी संस्था उभी असते, तिला मात्र हे ठाऊक असावेच लागते. तिने हिशेब ठेवला नाही, तर मदतीचे दान होते आणि दानाची पुढे सवय लागते.

हा हिशेब स्वतंत्र भारतात प्रथम ज्यांना मांडावा लागला, त्यांत चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव अग्रभागी येते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा बाणेदार माणूस, एवढीच त्यांची ओळख मराठी वाचकाच्या मनात राहिली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. परदेशी मदत घेणाऱ्या गरीब देशाने दात्यांशी कोणत्या नात्याने वागावे, या प्रश्नाशी त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे बांधलेली होती. त्या प्रश्नाचे त्यांनी शोधलेले उत्तर आजही तपासून पाहण्याजोगे आहे.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकिली करीत. मुलगा लहानपणापासून असामान्य बुद्धीचा होता. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच मिळविली. पुढे केंब्रिजला जाऊन चिंतामणरावांनी निसर्गविज्ञानाची पदवी घेतली. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा विशेष विषय होता. १९१८ साली लंडनमधील आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. संस्कृताचा व्यासंग, शास्त्राची शिस्त आणि प्रशासनाचा अनुभव असा त्रिवेणी संगम त्या पिढीतही विरळाच होता.

नोकरीची पहिली दोन दशके मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली. रायपूर जिल्ह्यात जमाबंदी अधिकारी म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले, याचे महत्त्व सहसा ध्यानात घेतले जात नाही. जमाबंदीचे काम म्हणजे शेत न् शेत पाहणे, जमिनीचा कस ठरविणे, कुळाची ऐपत अजमावणे आणि त्याला झेपेल असा सारा बसविणे. कागदावरचा आकडा आणि बांधावरची वस्तुस्थिती यांत किती अंतर पडते, हे जो या कामातून शिकला, तो पुढे कोट्यवधी डॉलरांच्या आकड्यांनी दिपून जाणे कठीण होते. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिववर्गात त्यांनी काम केले. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नरपदी त्यांची नेमणूक झाली.

तो काळ महायुद्धाचा होता. ब्रिटनने भारतातून धान्य, कापड, ताग आणि युद्धसामग्री अपरंपार उचलली. त्याचा मोबदला रोख न देता तो लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने भारताच्या नावे जमा दाखविला. इकडे नोटा छापल्या जात होत्या, भाव भडकत होते आणि १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती. स्वातंत्र्याच्या सुमारास ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे ११६ कोटी पौंडांची होती. म्हणजे ज्या देशाला जग दरिद्री म्हणत होते, तो देश साम्राज्याचा सावकार झालेला होता. त्या सावकारीची किंमत उपाशी माणसांनी मोजली होती. देशमुखांच्या पुढच्या साऱ्या विचाराचा पाया येथे आहे. भारत जगाच्या दारी याचक म्हणून जात नाही, त्याचेही जगाकडे येणे आहे, ही जाणीव त्यांना हिशेबाच्या वहीनेच दिली होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्था या परिषदेतून जन्मल्या. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व परकीय सरकारचे अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते, पण देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ या भारतीय सदस्यांनी तेथे देशाची बाजू स्वतंत्र बाण्याने मांडली. त्यांच्या मागण्या मुख्यतः तीन होत्या. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा, स्टर्लिंग शिल्लक फेडण्याची काही आंतरराष्ट्रीय व्यवस्था व्हावी आणि भारताचा वाटा त्याच्या आकारमानाला साजेसा असावा.

यांपैकी दुसरी मागणी फेटाळली गेली. तो प्रश्न ब्रिटन आणि भारत यांनी आपसांत सोडवावा असे ठरले. पहिली मागणी मूळ शब्दांत मान्य झाली नाही. तथापि सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास, असा मोघम का होईना, उल्लेख निधीच्या उद्दिष्टांत आला. जागतिक बँकेच्या घटनेतही युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांच्या पुनर्रचनेबरोबर विकासाच्या प्रकल्पांचा न्याय्य विचार व्हावा, असे कलम आले. भारताला निधीत ४० कोटी डॉलरांचा वाटा मिळाला. रशियाने सभासदत्व न घेतल्याने पहिल्या पाच देशांत भारताची गणना झाली आणि कार्यकारी मंडळावर त्याला हक्काची जागा मिळाली. नियम घडत असताना खोलीत हजर असणे आणि नियम घडून गेल्यावर अर्ज घेऊन रांगेत उभे राहणे, या दोहोंत महदंतर आहे. पुढे जागतिक बँकेशी बोलताना भारताला जो आवाज मिळाला, त्याचे मूळ या हजेरीत आहे. १९५० साली पॅरिसला भरलेल्या बँक व निधीच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपदही देशमुखांकडे आले.

जून १९४९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेतून निवृत्त झाले. त्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी भारत सरकारचे खास आर्थिक प्रतिनिधी म्हणून नेमले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक बँकेने भारताला रेल्वे इंजिनांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरांचे कर्ज दिले. आशिया खंडातील कोणत्याही देशाला मिळालेले ते बँकेचे पहिले कर्ज होय. त्यापाठोपाठ कांसाने व्यापलेली जमीन मोडून काढण्यासाठी ट्रॅक्टरांचे आणि दामोदर खोऱ्यातील विजेसाठी अशी आणखी दोन कर्जे मिळाली. १९५० च्या एप्रिलमध्ये देशमुख नव्याने स्थापन झालेल्या नियोजन मंडळाचे सदस्य झाले आणि जूनमध्ये अर्थमंत्री.

अर्थमंत्रिपदाच्या पहिल्याच वर्षात त्यांना मदतीचे दोन चेहरे एकदम पाहावे लागले. एक चेहरा कोलंबो योजनेचा. राष्ट्रकुलातील देशांनी दक्षिण व आग्नेय आशियासाठी आखलेली ही योजना जुलै १९५१ मध्ये सुरू झाली. तिचा सामाईक खजिना नव्हता. प्रत्येक दाता देश प्रत्येक घेणाऱ्या देशाशी स्वतंत्र करार करी आणि वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र बसून झालेल्या कामाचा आढावा घ्यायचा, एवढीच तिची यंत्रणा. घेणाऱ्या देशाने आपला विकासाचा आराखडा स्वतः मांडावा आणि दात्यांनी त्यात आपापला वाटा शोधावा, ही तिच्यामागची दृष्टी. कॅनडाने मयूराक्षी धरणाला हात दिला, न्यूझीलंडच्या पैशातून दिल्लीची अखिल भारतीय वैद्यकीय संस्था उभी राहिली. १९५३ च्या ऑक्टोबरात योजनेची सल्लागार परिषद दिल्लीतच भरली.

दुसरा चेहरा अमेरिकन गव्हाचा. डिसेंबर १९५० मध्ये भारताने वीस लाख टन धान्य मागितले. देशात टंचाई होती, बिहार आणि मद्रासमध्ये उपासमारीची भीती होती. अमेरिकन काँग्रेसमध्ये मात्र त्यावर महिनोन्महिने चर्चा चालली. भारताचे परराष्ट्र धोरण काहींना पसंत नव्हते, काहींचा डोळा अणुशक्तीला उपयोगी पडणाऱ्या भारतीय खनिजांवर होता. जून १९५१ मध्ये अखेर १९ कोटी डॉलरांची मदत मंजूर झाली, पण देणगी म्हणून नव्हे, तर व्याजाच्या कर्जाच्या रूपाने. भुकेचे घड्याळ आणि दात्याच्या संसदेचे घड्याळ एका गतीने चालत नाहीत, हा धडा त्या सहा महिन्यांनी दिला.

या दोन अनुभवांतून देशमुखांच्या अर्थखात्याने जी पद्धत बसविली, ती तीन सूत्रांत सांगता येईल. पहिले सूत्र असे की, घरात येण्याचे दार एकच असावे. अमेरिका असो, जागतिक बँक असो, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था असोत, त्यांचे बोलणे केंद्रीय अर्थखात्याच्या आर्थिक व्यवहार विभागाशी व्हावे. प्रत्येक खाते आणि प्रत्येक राज्य आपापला दाता शोधू लागले, तर देशाची योजना राहणार नाही, दात्यांच्या आवडीनिवडींची गोधडी तेवढी शिवली जाईल. दुसरे सूत्र असे की, योजना आधी आणि मदत नंतर. पहिल्या पंचवार्षिक योजनेत प्रत्यक्ष खर्च झाला तो सुमारे १,९६० कोटी रुपये आणि त्यात परदेशी साहाय्य होते साधारण दहा टक्के. उरलेला भार देशाने स्वतः उचलला. तिसरे सूत्र असे की, आलेल्या वस्तूचा पैसा देशातच पुन्हा कामाला लावावा. खत, पोलाद वा धान्य मदतीदाखल आले, की ते देशात विकले जाई आणि त्याचे रुपये वेगळ्या खाती जमा होऊन विकासाच्या कामी येत.

या तिसऱ्या सूत्राचे नमुनेदार उदाहरण म्हणजे १९५५ च्या जानेवारीत स्थापन झालेली आय. सी. आय. सी. आय. ही संस्था. खाजगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी ती निघाली. जागतिक बँकेने तिला एक कोटी डॉलर दिले, भाग भांडवल देशी-परदेशी भागधारकांनी घातले आणि भारत सरकारने साडेसात कोटी रुपये बिनव्याजी दिले. ते साडेसात कोटी अमेरिकन मदतीतून आलेल्या पोलादाच्या विक्रीचे होते. दोन दात्यांचा पैसा, एका सरकारचा निर्णय आणि मुंबईत उभी राहिलेली एक भारतीय संस्था, असा हा मेळ होता. समन्वय हा शब्द आज परिषदांतून फार स्वस्त झाला आहे. त्याचा खरा अर्थ पाहायचा तर तो अशा ताळेबंदात पाहावा.

मात्र हीच पद्धत खेड्याच्या वेशीशी आली की अडखळू लागे. जानेवारी १९५२ मध्ये भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्याचा करार झाला. पहिल्या वर्षासाठी पाच कोटी डॉलर ठरले आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ समूह विकास प्रकल्प सुरू झाले. एकेका प्रकल्पात सुमारे तीनशे गावे आणि दोन लाख लोकवस्ती. फोर्ड प्रतिष्ठानाने कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला पैसा दिला. दिल्लीत मध्यवर्ती समिती होती, राज्यात विकास आयुक्त होता, गटात अधिकारी होता, गावात ग्रामसेवक होता. वरपासून खालपर्यंत साखळी पूर्ण होती, पण हुकूम वरून खाली येई आणि गरज खालून वर जात नसे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने नेमके यावर बोट ठेवले. लोकांचा सहभाग नाही, कारण लोकांच्या हाती अधिकार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यातून पंचायत राज्याची कल्पना आली आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या.

ही उणीव देशमुखांच्या व्यवस्थेची होती, हे मान्य केले पाहिजे. एकच दार ठेवल्याने परक्यांपुढे देशाची प्रतिष्ठा राहिली. पण ते दार दिल्लीत होते. कळसहून दिल्लीला जायला आधी इंदापूर, मग पुणे, मग मुंबई असे उंबरे ओलांडावे लागत. ज्या अधिकाऱ्याने तरुणपणी शेताच्या बांधावर उभे राहून सारा ठरविला, त्याच्याच मंत्रिपदाच्या काळात बांधावरच्या माणसाला मदतीच्या वाटपात बोलायला जागा मिळाली नाही, हा काळाचा विपर्यास म्हणावा लागेल.

दुसरी उणीव दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीत दिसते. ४,८०० कोटींच्या त्या योजनेत परदेशी साहाय्य ८०० कोटींचे गृहीत धरले होते आणि ते कोठून येणार याची खात्री नव्हती. स्टर्लिंग शिल्लक पाठीशी आहे, या भरवशावर यंत्रसामग्रीची आयात सुरू झाली आणि दोनेक वर्षांतच ती गंगाजळी आटली. ऑगस्ट १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जागतिक बँकेने अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, कॅनडा व जपान यांना एकत्र बसविले. त्या बैठकीतून भारत साहाय्य मंडळ उभे राहिले. कोलंबो योजनेत घेणारा देश टेबलाशी बसत होता. येथे दाते टेबलाभोवती बसले आणि भारताच्या गरजेची मोजदाद करू लागले. समन्वय वाढला खरा, पण तो दात्यांचा होता. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा या दोन प्रकारच्या समन्वयातील फरक देशाला कळून चुकला. अवमूल्यनानंतर अपेक्षिलेली वाढीव मदत पुढे टिकली नाही आणि अटींची कटुता मात्र मागे राहिली.

देशमुख तेव्हा सत्तेत नव्हते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत झालेल्या गोळीबाराची चौकशी नाकारल्याच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला होता आणि जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच, २९ ऑगस्ट १९५६ रोजी, पी. एल. ४८० खालील धान्याचा अमेरिकेशी पहिला करार झाला आणि जहाजांवर जहाजे येऊ लागली. त्यांच्या राजीनाम्याचा आणि या कराराचा कार्यकारणसंबंध जोडणे चूक ठरेल. पण एक गोष्ट खरी की, मदतीचा खरा महापूर त्यांच्यानंतर आला आणि त्या पुरात हिशेबाची वही हातात घट्ट धरणारा तो माणूस जागेवर नव्हता.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था त्यांनी नावारूपाला आणली. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले, १९७५ साली पद्मविभूषण आले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा अर्थमंत्री अखेरच्या काळात हैदराबादला राहिला. पत्नी दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांनी देह ठेवला. समूह विकास प्रकल्प सुरू झाल्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे पूर्ण होत होती.

त्यानंतर चित्र पुष्कळ पालटले. १९७७ पासून महाराष्ट्रातील मोठ्या पाटबंधारे प्रकल्पांना जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाचे कर्ज मिळाले. २००३ साली भारताने लहान दात्यांची मदत घेणे थांबविले. पुढे बाहेरचे कर्ज केंद्राला ज्या अटींवर मिळते, त्याच अटींवर सर्वसाधारण राज्यांना देण्याची पद्धत आली. आज भारत स्वतःच शेजाऱ्यांना आणि आफ्रिकेतील देशांना कर्जे देतो. म्हणजे देशमुखांनी टेबलाच्या ज्या बाजूला बसून वाटाघाटी केल्या, तिच्या समोरच्या बाजूलाही आता आपण बसलो आहोत. तेथे बसताना १९५१ चे सहा महिने विसरता कामा नयेत.

उरते ते दुसऱ्या टोकाचे काम. तेही अशक्य नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नव्वदच्या दशकात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मन सरकारचा, तो आला नाबार्डमार्फत. परंतु गावाने श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, आपली पाणलोट समिती निवडावी आणि मगच पैसा समितीच्या हाती यावा, अशी त्याची रीत होती. अहमदनगर जिल्ह्यातील कित्येक उजाड गावे त्यातून सावरली. देशमुखांचे एक दार तेथे शाबूत राहिले आणि त्या दाराची चावी गावालाही मिळाली.

नीरेच्या कालव्याखालचा ऊस आणि कालव्याबाहेरची जिराईत ज्वारी, हा भेद बारामती-इंदापूरच्या माणसाला नवा नाही. मदतीचेही तसेच आहे. ती कितीही आली, तरी चारी कोठवर खोदली गेली आहे, यावर शेवटच्या शेताचे भिजणे अवलंबून राहते. देशमुखांनी धरणाच्या मुखाशी पक्के दार बसविले आणि आत येणाऱ्या प्रत्येक थेंबाची नोंद ठेवली. शेवटच्या शेतापर्यंतची चारी खोदणे हे त्यांच्यानंतरच्या पिढ्यांचे काम होते. ते किती झाले, याचा हिशेब कळसच्या शिवारात मांडावा लागेल, दिल्लीच्या दफ्तरात तो सापडणार नाही.